शून्याचा हिशेब कोण देणार?

ऑक्टोबर हा आम्हां बौद्ध कुटुंबांचा पर्वमास. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह धम्माची दीक्षा घेतली. त्या घटनेच्या स्मरणार्थ सातासमुद्रापलीकडे आलेले आपण सारे दरवर्षी एकत्र जमतो, वंदना घेतो, मुलांची भाषणे कौतुकाने ऐकतो आणि ही स्मरणिका एकमेकांच्या हाती देतो. याच महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत अमेरिकेतील महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना एक पुस्तिका प्रसिद्ध करावी लागते. तिचे नाव वार्षिक सुरक्षा अहवाल. मागील तीन वर्षांत आपल्या आवारात किती खून झाले, किती बलात्कार झाले, किती दरोडे, किती घरफोड्या, द्वेषापोटी किती हल्ले झाले, याची आकडेवारी त्यात छापलेली असते. मुलांना महाविद्यालयात घालताना आम्ही शुल्काचा तक्ता पाहतो, विद्यापीठाचा क्रमांक पाहतो, वसतिगृहातील जेवण कसे आहे याचीही चौकशी करतो. हा अहवाल मात्र आमच्यापैकी किती जणांनी उघडून पाहिला असेल? आम्ही स्वतः अनेक वर्षे पाहिला नव्हता, आणि ज्या वर्षी पाहिला त्या वर्षी आमची मान खाली गेली. त्या अनुभवातूनच हा लेख लिहावासा वाटला.

या अहवालामागील इतिहास प्रथम सांगणे आवश्यक आहे. ५ एप्रिल १९८६ च्या पहाटे पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम येथील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्याच खोलीत बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपोआप कुलूपबंद होणारे दरवाजे कोणीतरी अटकाव लावून उघडे ठेवले होते. तो त्यांतून आत शिरला. कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी या मातापित्यांना नंतर कळले की आदल्या तीन वर्षांत त्या आवारात ३८ हिंसक गुन्हे घडले होते आणि त्याची वाच्यता कोणी केली नव्हती. हे दांपत्य दुःखात बुडून घरी बसले नाही. विद्यापीठाविरुद्ध त्यांनी दावा लावला, तडजोडीत मिळालेल्या पैशांतून संस्था उभारली आणि आधी पेनसिल्व्हेनियात, मग वॉशिंग्टनमध्ये कायद्यासाठी पाठपुरावा केला. ८ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. १९९८ साली कायद्याला जीन क्लेरीचे नाव देण्यात आले. म्हणून सर्वत्र तो क्लेरी कायदा या नावाने ओळखला जातो.

पुढे या कायद्याचा विस्तार होत गेला. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली. त्यानंतर २००८ साली, आणीबाणीच्या प्रसंगी विद्यार्थ्यांना विनाविलंब सावध करण्याची सक्ती आली. २०१३ साली कौटुंबिक हिंसा, प्रेमसंबंधांतील हिंसा आणि पाठलाग यांची गणना बंधनकारक झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या छळाचा, म्हणजे येथे ज्याला हेझिंग म्हणतात आणि आपल्याकडे रॅगिंग म्हणतात त्याचा, समावेश झाला. केंद्र सरकारची विद्यार्थी-साहाय्य योजना ज्या संस्थेत चालते त्या प्रत्येक संस्थेला हा कायदा लागू आहे, मग ती सरकारी असो वा खाजगी.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गुन्ह्याची गणना करायची तर तो कोणीतरी कळविला पाहिजे. पीडित मनुष्य पोलिसांकडे जाईलच असे नाही. बहुधा तो जात नाही. तो आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाकडे जातो. वसतिगृहातील थोरल्या विद्यार्थ्याकडे जातो, क्रीडा-प्रशिक्षकाकडे जातो, विद्यार्थी-मंडळाच्या सल्लागार प्राध्यापकाकडे जातो. कायद्याने हे मनुष्यस्वभावाचे सत्य ओळखले आणि अशा सर्वांवर कळविण्याचे दायित्व टाकले. त्यांना इंग्रजीत कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्यासाठी गणवेश लागत नाही की बिल्ला लागत नाही. आवारातील पोलीस आणि सुरक्षारक्षक त्यांत आहेतच. त्यांखेरीज विद्यार्थ्यांचे अधिष्ठाता, वसतिगृहांचे अधिकारी, तेथे काम करणारे रेसिडेंट असिस्टंट, संघांचे प्रशिक्षक, विद्यार्थी-संघटनांचे सल्लागार, असे विद्यार्थी-जीवनाची ठळक जबाबदारी असलेले सारे त्यांत मोडतात. केवळ वर्गात शिकविणारा आणि वर्गाबाहेर अशी कोणतीही जबाबदारी नसलेला प्राध्यापक, कार्यालयातील लेखनिक, भोजनगृहातील कामगार हे सामान्यतः त्यांत येत नाहीत. मानसोपचार-समुपदेशक आणि धर्मोपदेशक त्या नात्याने काम करीत असताना वगळलेले आहेत. कारण पीडिताला निर्धास्तपणे मन मोकळे करण्याची एखादी जागा उरलीच पाहिजे.

येथे आम्हांला आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आम्ही एका महाविद्यालयात प्रयोगशाळेचे काम पाहतो आणि तेथील भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळाचे सल्लागार म्हणूनही आमचे नाव नोंदविलेले आहे. सल्लागार म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमाच्या अर्जावर सही करणारा माणूस, एवढीच आमची समजूत होती. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात विदर्भातून आलेली एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. बराच वेळ ती इकडचे तिकडचे बोलत राहिली. मग म्हणाली, “सर, तुम्ही आपले आहात म्हणून सांगते.” महाविद्यालयाच्याच मालकीच्या सदनिकेत ती भारतातून आलेल्या अन्य तीन मुलींसह राहत होती. १४ एप्रिलला तिने आपल्या टेबलावर बाबासाहेबांची तसबीर ठेवून हार घातला. तोवर आडून आडून चाललेली आडनावाची चौकशी त्या दिवशी संपली. तिची भांडी ओट्यावरून काढून खाली ठेवण्यात आली. दुसऱ्या दिवशी तसबिरीची काच फुटलेली होती आणि छायाचित्रावर शाईने रेघोट्या ओढलेल्या होत्या. तिने जाब विचारला तेव्हा एकीने तिला दारावर ढकलले. दंडावरची काळीनिळी खूण तिने आम्हांला दाखविली.

आम्ही काय केले? आम्ही तिला चहा पाजला आणि उपदेश केला. “बाई, तू इथे शिकायला आली आहेस. आई-वडिलांनी कर्ज काढून पाठवले आहे. व्हिसाची काही भानगड व्हायला नको. खोली बदल आणि अभ्यासात लक्ष घाल.” ती “बरं सर” म्हणून उठली. आवाराबाहेर दुप्पट भाड्याची जागा घेऊन ती राहिली. मंडळाच्या कार्यक्रमांना पुन्हा आली नाही, आणि आमच्याकडेही कधी आली नाही.

दोन वर्षांनी महाविद्यालयाने आम्हांला सक्तीच्या प्रशिक्षणाला बोलाविले. तेथे पडद्यावर यादी दाखविण्यात आली आणि तीत विद्यार्थी-संघटनांचे सल्लागार हे शब्द होते. त्या रात्री घरी येऊन आम्ही त्या वर्षीचा अहवाल शोधला. द्वेषमूलक गुन्ह्यांच्या रकान्यात शून्य होते. महाविद्यालय आपली पाठ थोपटून घेत होते, नव्या विद्यार्थ्यांचे पालक तो आकडा पाहून निश्चिंत होत होते, आणि त्या शून्याला आमचाही हातभार लागला होता. ज्या मुलीने आम्हांला आपले मानून सांगितले तिचे बोलणे आमच्या खोलीच्या बाहेर गेलेच नव्हते.

आमच्या चुकीतून काही गोष्टी आम्ही शिकलो. आमच्या वाचकांपैकी अनेक जण या देशातील महाविद्यालयांत, विद्यापीठांत आणि त्यांच्या रुग्णालयांत नोकरी करतात. अनेकांची मुले शिकता शिकता वसतिगृहात रेसिडेंट असिस्टंटचे काम करतात. त्यांच्यासाठी त्या येथे मांडतो.

पहिली गोष्ट, कळविणाऱ्याने न्यायाधीश होऊ नये. घडलेले खरे की खोटे, कलमात बसते की नाही, पुरावा पुरेसा आहे की नाही, हे ठरविणे त्याचे काम नाही. सद्भावनेने सांगितलेली गोष्ट त्याने सद्भावनेने पुढे कळवावी: काय घडले, कोठे घडले, केव्हा घडले. तपास करणारे आणि वर्गवारी करणारे वेगळे असतात. आम्ही त्या मुलीसमोर मनातल्या मनात खटला चालविला आणि “एवढे तेवढे होतच असते” असा निकालही देऊन टाकला. तो अधिकार आम्हांला कोणीही दिला नव्हता.

दुसरी गोष्ट, आकडेवारीसाठी कळविताना पीडिताचे नाव देणे आवश्यक नसते. क्लेरी कायद्याला संख्या हवी असते. व्यक्तीची ओळख प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. पीडितावर पोलिसांत जाण्याची सक्तीही हा कायदा करीत नाही. मात्र लैंगिक छळासंबंधीचे १९७२ च्या टायटल नाइन कायद्याखालील नियम आणि निरनिराळ्या राज्यांचे कायदे याहून वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नये. टेक्सास राज्याने २०१९ साली केलेल्या कायद्यानुसार लैंगिक छळाची वा अत्याचाराची माहिती दडविणाऱ्या महाविद्यालयीन कर्मचाऱ्याची नोकरी तर जातेच, शिवाय तो फौजदारी गुन्हाही ठरतो. तेव्हा आपल्यावर नेमके कोणते दायित्व आहे, हे प्रत्येकाने आपल्या संस्थेकडे लेखी विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. या सक्तीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पीडित व्यक्ती विश्वासाने मन मोकळे करते. ऐकणाऱ्याने ते पुढे सांगितले तर तिच्या हातून तिचीच गोष्ट काढून घेतल्यासारखे होते. जिच्यावर एकदा बळजबरी झाली तिच्यावर ही दुसरी बळजबरी नव्हे काय? हा प्रश्न खरा आहे. त्यावर आमचे उत्तर असे, की ऐकण्यापूर्वीच सांगावे. कोणी “सर, एक सांगायचे आहे” म्हणून दार लोटले की प्रथम म्हणावे: “बाळ, मी ऐकतो. पण काही गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात. तुला सारे गुप्तच ठेवायचे असेल तर समुपदेशकाकडे मी स्वतः तुझ्याबरोबर येतो.” एवढे म्हटले की निवड तिच्या हाती राहते. आम्ही ना तिला निवड दिली, ना तिची गोष्ट पुढे नेली. आम्ही तिला केवळ परत पाठविले.

दायित्व टाळण्याची किंमत किती मोठी असते, हे या देशाने वारंवार पाहिले आहे. पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल विभागातील निवृत्त प्रशिक्षकाने मुलावर चालविलेला अत्याचार २००१ साली एका कनिष्ठ साहाय्यकाने डोळ्यांनी पाहिला. त्याने मुख्य प्रशिक्षकांना सांगितले, त्यांनी वरिष्ठांना सांगितले, आणि वरिष्ठांपाशी येऊन ती गोष्ट थांबली. पोलिसांपर्यंत ती गेली नाही. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, आरोपपत्र आले तेव्हा जग हादरले. विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांसह तिघा उच्चपदस्थांना बालकांची सुरक्षा धोक्यात घातल्याबद्दल शिक्षा झाली आणि २०१६ साली शिक्षण विभागाने क्लेरी कायद्याखाली सुमारे २४ लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्या साखळीतील प्रत्येकाला वाटले असेल की आपण सांगितले, आपले काम झाले. प्रत्यक्षात गुन्हा पायरीपायरीने वर चढत गेला आणि वरच्या मजल्यावर गडप झाला.

ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाचे उदाहरण तर मातापित्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. डिसेंबर २००६ मध्ये तेथील वसतिगृहाच्या खोलीत एक विद्यार्थिनी मृतावस्थेत सापडली. घातपाताचा संशय घेण्याचे कारण नाही असे सांगण्यात आले. सुमारे दहा आठवड्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, एका विद्यार्थ्याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा तिच्या घरच्यांना आणि शेजारच्या खोल्यांतील मुलींना सत्य कळले. इतके दिवस त्या मुली त्याच इमारतीत निर्धास्त झोपत होत्या. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद गमवावे लागले आणि विद्यापीठाला साडेतीन लाख डॉलर दंड भरावा लागला. पुढे २०१९ साली मिशिगन स्टेट विद्यापीठाला ४५ लाख डॉलर आणि मार्च २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर दंड झाला. या सर्व प्रकरणांत एक समान सूत्र दिसते. संस्थेला आपल्या नावलौकिकाची काळजी असते आणि कर्मचाऱ्याला आपल्या नोकरीची. दोघांच्या काळजीत पीडिताची काळजी करणारा कोणी उरत नाही.

हे केवळ परक्यांचे दोष आहेत असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. नाव झाकण्याची सवय आपल्याही घरांत आहे. “चार लोकांत वाच्यता नको”, “मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे”, “परक्या देशात आपण पाहुणे” ही वाक्ये कोणत्या घरात बोलली जात नाहीत? आम्ही त्या विद्यार्थिनीला जे सांगितले ते याच भांडवलावर सांगितले. व्हिसाची भीती तर आम्ही अज्ञानातून दाखविली. गुन्ह्याचा बळी ठरल्याने वा तक्रार केल्याने विद्यार्थ्याचा व्हिसा आपोआप जात नाही. उलट काही गंभीर गुन्ह्यांच्या बळींनी तपासात पोलिसांना साहाय्य केल्यास त्यांना संरक्षण मिळावे म्हणून २००० सालच्या कायद्याने यू व्हिसाची स्वतंत्र तरतूद केलेली आहे. अर्धवट माहितीवर दिलेला सल्ला हा सल्ला नसून अडथळा असतो, हे आम्हांला उशिरा उमगले.

बुद्धाच्या शासनात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. विनयाच्या नियमांप्रमाणे एखाद्या भिक्खूने दुसऱ्या भिक्खूचा गंभीर अपराध जाणूनबुजून लपविला, तर लपविणारा स्वतः पाचित्तिय दोषास पात्र होतो. भिक्खुणीसंघाचा नियम तर अधिक कडक आहे: दुसऱ्या भिक्खुणीचा पाराजिक अपराध लपविणारी भिक्खुणी स्वतःच पाराजिक ठरते, संघातून बाहेर जाते. अपराध करणारा आणि तो झाकणारा यांत संघाने फार अंतर मानले नाही, कारण झाकलेल्या दोषाने सारा संघच पोखरला जातो. पंचशील ग्रहण करताना मुसावादापासून विरत राहण्याची प्रतिज्ञा आपण प्रत्येक कार्यक्रमात घेतो. जिथे बोलणे आपले कर्तव्य आहे तिथे गप्प राहून खोटा आकडा छापू देणे, हे त्या शीलात बसते काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

मायदेशातील कायदाही याच दिशेने गेलेला आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात, तक्रार येऊनही ठरलेली कारवाई न करणाऱ्या संस्थाप्रमुखाने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमाने आपले कर्तव्य हेतुपुरस्सर टाळणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या, लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कारावासाची तरतूद केली आहे. तरीही १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. डॉ. पायलच्या घरच्यांनी आधीच तक्रार केली होती, असे त्यांनी सांगितले आहे. कायदा पुस्तकात असतो. त्याला हातपाय देणारा माणूस ऐन वेळी मागे सरला तर पुस्तक मिटलेलेच राहते.

आता आमच्या प्रकरणाचा उत्तरार्ध सांगतो. प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात आम्ही सुरक्षा कार्यालयात गेलो आणि दोन वर्षांपूर्वी ऐकलेले सारे सांगितले, मुलीचे नाव न घेता. अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी तारीख, इमारत, काच, धक्का, सारे लिहून घेतले. मग विचारले, हा द्वेष कोणत्या प्रकारचा? कायद्याच्या यादीत आठ प्रकार आहेत: वंश, धर्म, लैंगिक कल, लिंग, लिंगओळख, वांशिक समूह, राष्ट्रीय मूळ आणि अपंगत्व. साधी मारहाण, धमकी आणि मालमत्तेची नासधूस ही या आठांपैकी एखाद्या द्वेषातून झाली तरच अहवालात मोजली जाते. आम्ही म्हणालो, “जात.” त्या यादीकडे पाहत राहिल्या. यादीत जात नव्हती. पुढच्या अहवालातही शून्य शून्यच राहिले. कारण विचारले तेव्हा, घटना कोणत्याच प्रकारात बसत नाही, असे उत्तर मिळाले.

१९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, हा वाद उभा राहिला होता. मताधिकाराचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न येताच, ज्या प्रांतांत पूर्वी लाखोंनी मोजले गेलेले अस्पृश्य होते तेथे ते नाहीतच किंवा अगदी थोडे आहेत, असे सांगणारे पुढे आले. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते आणि त्यांनी आपली स्वतंत्र टिपणी जोडली. संख्या नाकारली की माणसाचे दुःख नाकारता येते आणि दुःख नाकारले की हक्क नाकारता येतो, हे त्यांनी पुरते ओळखले होते. आमच्या महाविद्यालयाच्या अहवालातील शून्य पाहताना आम्हांला त्या वादाची आठवण झाली.

काही विद्यापीठांनी या बाबतीत पाऊल टाकले आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला; जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने तो आपल्या सर्व २३ आवारांना लागू केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदा केला. कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नाकारले. जातीभेद विद्यमान कायद्यांत आधीच निषिद्ध असल्याने नवा कायदा अनावश्यक आहे, असे त्यांचे म्हणणे. विरोधकही म्हणतात की जातीचे नाव घेतल्याने एका समाजाकडे बोट दाखविले जाते. त्यांना आमचे विनयपूर्वक उत्तर आहे. जात विद्यमान शब्दांत खरोखर सामावलेली असेल, तर तसे स्पष्ट आदेश द्यावेत, जेणेकरून पुढील वेळी अधिकारी बाईंना यादीकडे पाहत राहावे लागणार नाही. ती सामावलेली नसेल, तर तिचा स्वतंत्र उल्लेख करावा. मोजणीने कोणाची बदनामी होत नाही. ज्या आवारात असे काही घडतच नाही, तेथील शून्याला मोजणीनंतरही बाध येणार नाही. आणि ते शून्य तेव्हा खरे असेल.

परंतु कायद्याची यादी बदलेपर्यंत आपण हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. आमच्या कुटुंबांपुढे आम्ही काही कामे ठेवू इच्छितो. ज्यांची मुले महाविद्यालयात आहेत त्यांनी या महिन्यात त्यांच्याबरोबर बसून त्या संस्थेचा सुरक्षा अहवाल वाचावा. जिथे स्वतःचे पोलीस वा सुरक्षा विभाग आहे तिथे रोजची गुन्हे-नोंदवही ठेवावी लागते आणि मागील साठ दिवसांची नोंद कोणालाही पाहता येते; ती पाहावी. हजारो विद्यार्थ्यांच्या आवारात वर्षानुवर्षे सर्वत्र शून्य दिसले तर समाधान न मानता प्रश्न विचारावा. मूल अठरा वर्षांचे झाले वा महाविद्यालयात गेले की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क त्याच्याकडे जातो आणि संस्था पालकांना फारसे काही कळवीत नाही. म्हणून मुलांनी आपणहून सांगावे असे वातावरण घरातच निर्माण करावे. जे संस्थांत नोकरी करतात त्यांनी आपले दायित्व जाणून घ्यावे. जी मुले रेसिडेंट असिस्टंट आहेत त्यांना आईवडिलांनी सांगावे की तक्रार पुढे नेल्याने मित्र दुरावला तरी चालेल. आणि आपल्या मंडळाने प्रत्येक शहरात अशी दोन-तीन माणसे नेमावीत, की ज्यांच्याकडे भारतातून नव्याने आलेला विद्यार्थी निर्धास्तपणे जाऊ शकेल आणि जी त्याच्याबरोबर त्या कार्यालयापर्यंत चालत जातील.

१९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. त्या दिवशी आसरा देऊ न शकलेले त्यांचे परिचित वाईट लोक नव्हते. अडचणी सांगणारे सभ्य लोक होते. त्या एप्रिलच्या दुपारी चहाचा पेला पुढे करणारे आम्हीही तसेच सभ्य होतो. ज्या देशात बाबासाहेबांना माणूस म्हणून वावरण्याचा पहिला अनुभव आला, त्याच देशात आमच्या एका लेकीला तिच्या खोलीतून निघावे लागले, आणि ते कोठेही लिहिले गेले नाही. ती विद्यार्थिनी आता कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. तिच्या हाती ही स्मरणिका पडली तर तिने एवढे वाचावे: तू सांगितलेले आम्ही कळविले आहे, उशिरा का होईना. क्षमा मागण्याचा आमचा अधिकार तूच ठरव. यापुढे आमच्या दारी येणाऱ्याला आम्ही खोली बदलण्याचा सल्ला देऊन परत पाठविणार नाही.

जयभीम.